नवीन मॉडेलचा फवारणी ड्रोन हातात घेताना: कागदपत्रांपासून पहिल्या शेतापर्यंतचा क्रम

हा लेख ड्रोन पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी नाही. ज्यांच्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे, एका मॉडेलवर ज्यांनी पऱ्हाटी (कपाशी), सोयाबीन, धान भरपूर फवारलं आहे आणि आता दुसऱ्या कंपनीचा किंवा मोठ्या टाकीचा ड्रोन ज्यांच्या हाती येतोय, त्यांच्यासाठी आहे. शेतकरी उत्पादक कंपनीत एक मॉडेल, बचत गटाला मिळालेलं दुसरं आणि भाड्याने आणलेलं तिसरं, असं आता गावोगावी दिसतं. नव्या मॉडेलवर बहुतेक नुकसान होतं ते शिकाऊंकडून नाही, सरावलेल्या हातांकडून. बोटांना जुन्या यंत्राची सवय असते आणि घाईच्या क्षणी बोटं डोक्याला विचारत नाहीत.

खाली दिलेला क्रम मोडू नका. पोळ्याच्या आसपास फवारणीची झुंबड असते, शेतकरी धुऱ्यावर (बांधावर) उभा राहून म्हणतो, "भाऊ, आजच मारून द्या ना, उद्या पाणी हाये म्हणतेत." त्या दिवशी नवा ड्रोन खोक्यातून काढायचा नाही. जुना असेल तर जुना न्या, नसेल तर नाही म्हणा. नव्या यंत्राची ओळख हंगामाच्या आधी, मोकळ्या रानात, औषधाविना करायची असते.

## १. आधी कागद: वजन कोणत्या गटात बसतं?

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे गट ठरतो तो उडतानाच्या कमाल एकूण वजनावर: यंत्र, बॅटरी आणि भरलेली टाकी मिळून. २ ते २५ किलो म्हणजे स्मॉल, २५ ते १५० किलो म्हणजे मीडियम. १० लिटरचे बहुतेक फवारणी ड्रोन २५ किलोच्या आत बसतील असेच बनवलेले असतात. टाकी १६ लिटर किंवा त्याहून मोठी झाली की वजन सहज २५ च्या वर जातं आणि स्मॉल गटाचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही. "टाकी अर्धीच भरतो, मग वजन कमीच राहते," हा युक्तिवाद ऐकायला मिळतो. तो करू नका.

तपासा:
- तुमच्या सर्टिफिकेटवरचा गट आणि ड्रोनचा गट एकच आहे का.
- ड्रोनचा नोंदणी क्रमांक यंत्रावर लावलेला आहे का आणि कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का. भाड्याच्या यंत्राबाबत हे हमखास राहून जातं.
- तृतीय पक्ष विमा या यंत्राचा आहे का. जुन्या ड्रोनचा विमा नव्याला लागू होत नाही.
- सरावाची जागा सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरव्या पट्ट्यात (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) आहे का. नागपूर, गोंदियाजवळचं बिरसी, अमरावतीचं बेलोरा आणि अकोल्याचं शिवणी या विमानतळांच्या आसपासच्या गावांनी हे दर वेळी पाहायचं.

## २. फरकांची वही

या टप्प्याला अख्खा दिवस द्या. बॅटरी काढून ठेवा, यंत्र ओसरीवर मांडा, माहितीपुस्तिका उघडा आणि एका वहीत दोन रकाने आखा: डावीकडे जुना ड्रोन, उजवीकडे नवा. जिथे दोन्हीकडे एकच उत्तर येईल ती ओळ खोडून टाका. जे उरेल तेच तुमचं शिकण्याचं काम. पुस्तिका नुसती वाचली की सगळं ओळखीचं वाटतं. दोन रकाने समोरासमोर आले की धोका डोळ्यांना दिसतो.

वहीत या गोष्टी आल्याच पाहिजेत.

स्टिक आणि मोड. आपल्याकडे बहुतेकांनी डाव्या स्टिकवर (रिमोटच्या दांडीवर) थ्रॉटल, म्हणजे वर-खाली नेण्याचा ताबा, असलेला मोड २ शिकलेला असतो. नव्या रिमोटवर सेटिंग बदललेलं नाही ना, हे पाहा. त्यानंतर मोडचा तीन घरांचा स्विच. जुन्यावर वरच्या घरात जीपीएस आणि खालच्या घरात ऑटो (आखलेल्या मार्गाने आपोआप उडणं) असेल, तर नव्यावर नेमकं उलट असू शकतं. सगळ्यात घातक फरक असतो मॅन्युअलच्या घराचा. जीपीएस मोडमध्ये स्टिक मध्यावर सोडली की ड्रोन आहे तिथे, आहे त्या उंचीवर थांबतो. पूर्ण मॅन्युअल मोडमध्ये तो थांबत नाही. वाऱ्याबरोबर सरकत राहतो आणि उंची थ्रॉटलवर हातानेच धरावी लागते. ज्याने कायम जीपीएसवरच उडवलं, तो स्टिक सोडून ड्रोन थांबायची वाट पाहत बसतो, तोवर यंत्र बाभळीत शिरलेलं असतं.

मोटारी बंद करण्याची खूण. काही यंत्रांत दोन्ही स्टिक खालच्या आतल्या कोपऱ्यात नेल्या की मोटारी सुरू होतात, आणि उडताना तेच केलं तर बंद पडतात. काहींत त्यासाठी वेगळा स्विच असतो. जुन्या रिमोटवर त्याच जागी पंपाचा स्विच असेल, तर वहीतल्या या ओळीखाली लाल रेघ ओढा. पंप बंद करायला गेलेलं बोट मोटारी बंद करून बसलं, तर ड्रोन भरल्या टाकीसकट खाली येतो.

घरी परतण्याची उंची. संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली की ड्रोन आधी ठरलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि मग सरळ रेषेत घरी येतो. जुन्यावर तुम्ही ही उंची बांधावरच्या झाडांचा विचार करून ठेवली होती. नवा येतो तो कारखान्याची उंची घेऊन, आणि त्या कारखान्याने तुमच्या शेतातलं मोहाचं झाड पाहिलेलं नाही. आसपासच्या सगळ्यात उंच झाडाच्या किंवा तारेच्या वर किमान पाच मीटर ठेवा. चढणं मात्र ड्रोन जिथे आहे तिथूनच सुरू होतं. तो तारेखाली किंवा फांदीखाली असेल, तर उंची कितीही ठेवली तरी उपयोग नाही. तारेखालून फवारणी नेऊ नका, असं जाणकार सांगतात ते यासाठीच.

उंची कशापासून मोजतो? पडद्यावर दिसणारी उंची बहुधा उड्डाणाच्या जागेपासूनची असते. पांदण रस्त्यावरून उडालात आणि शेत वर चढत गेलेलं असेल, तर पडद्यावर ५ मीटर आणि पिकावर २ मीटर असं होतं. यवतमाळ, मेळघाट भागातल्या उताराच्या रानात हा फरक मोठा असतो. नव्या ड्रोनला खाली पाहणारा रडार असेल, तर तो केव्हा काम करतो, कोणत्या मोडमध्ये आपोआप बंद होतो आणि नाल्याच्या काठावर जमीन अचानक खाली गेली की काय करतो, हे पुस्तिकेत शोधा.

संकटात स्वतःहून काय करतो? चार प्रसंग वेगवेगळे लिहा: बॅटरी उतरली, रिमोटचा संपर्क तुटला, जीपीएस गेला, टाकी रिकामी झाली. बॅटरी उतरल्यावर एक यंत्र घरी येतं, दुसरं आहे तिथेच उतरतं. टाकी रिकामी झाली की कोणी जागेवर थांबतं, तर कोणी पिकाच्या उंचीवरूनच परत निघतं. हे चारही उत्तर पाठ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोटारींची संख्या. सहा मोटारींच्या यंत्रावर एक मोटार गेली तर हलक्या वजनात कधी कधी गिरक्या घेत का होईना, खाली आणता येतं. चार मोटारींच्या साध्या यंत्रावर एक गेली की ते पडतं. सहावरून चारवर येणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं आणि माणसांपासूनचं अंतर त्या हिशेबाने वाढवावं.

> सावध: विक्रेत्याचा माणूस अर्धा तास उडवून दाखवतो आणि "सगळं सारखंच आहे" म्हणून जातो. त्याच्याकडून वहीतल्या प्रत्येक ओळीचं उत्तर घ्या. त्याला येत नसेल तर कंपनीला फोन लावायला सांगा.

## ३. बॅटरीचे आकडे नव्याने पाठ करा

सगळ्यात जास्त ड्रोन ज्या चुकीने पडताना दिसतात ती ही: जुन्या यंत्राचा व्होल्टचा आकडा नव्यावर वापरणं.

लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. उडताना, म्हणजे भार असताना, तो ३.६ च्या आसपास आला की उतरण्याची तयारी करायची. १२ सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ५०.४ व्होल्ट असते, १४ सेलची ५८.८. आता समजा, १२ सेलच्या जुन्या ड्रोनवर तुमच्या डोक्यात बसलंय की "४४ आलं की उतरवायचं." बाराने भागलं तर सेलमागे ३.६७, म्हणजे ठीक. तोच ४४ चा आकडा १४ सेलच्या ड्रोनवर म्हणजे सेलमागे ३.१४. तिथवर आल्यावर यंत्र हवेत तगेलच असं नाही आणि बॅटरी तर कायमची खराब होते.

म्हणून एकूण आकडा पाठ करू नका. सेलमागचा आकडा पाठ करा, त्याला नव्या सेलसंख्येने गुणा आणि येणारी तीन मापं (भरलेली, इशारा, उतरवा) रिमोटच्या मागे चिकटपट्टीवर लिहून लावा. १४ सेलसाठी इशाऱ्याचा आकडा ५१ च्या आसपास येईल, "उतरवा" चा ५०.४. कंपनीने यापेक्षा वरचा आकडा दिला असेल तर कंपनीचा पाळा. बॅटरी स्वतः टक्के दाखवणारी असली तरी व्होल्टकडे नजर राहू द्या.

चार्जरचंही तसंच. जुना चार्जर नव्या बॅटरीला लावू नका, जोड बसत असला तरी. सेलची संख्या चुकीची निवडली गेली तर बॅटरी फुगते आणि पेटू शकते. नव्या यंत्रात दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडून वापरायच्या असतील तर त्यांची जोडी कायम ठेवा. एक नवी आणि एक थकलेली अशी जोड लावली की थकलेली आधी बसते आणि पडद्यावरचा एकूण आकडा ते लपवतो.

तपासा: उड्डाणाहून आलेली बॅटरी हाताला गरम लागते तोवर चार्जिंगला लावायची नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद गाडीत ती निवत नाही, झाडाच्या सावलीला ठेवा. चार्जिंगच्या जागी कोरड्या वाळूची बादली हवी. घरात, गादीजवळ, कापसाच्या गंजीजवळ चार्जिंग कधीच नाही. साठवताना सेलमागे ३.८ च्या आसपास ठेवा.

## ४. पंखे काढून जमिनीवरची तपासणी

आता यंत्राला वीज द्यायची, पण पंखे उतरवून.

१. हात उघडा आणि प्रत्येक सांध्याचं कुलूप बोटाने दाबून पाहा. घडीच्या हातांची कुलपं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात: कुठे आटे फिरवायचे, कुठे खटका. नवख्या हाताला खटका "बसला" असं वाटतं, पण तो अर्धाच बसलेला असतो. यंत्र त्याच अवस्थेत उडतं आणि भरल्या टाकीने वळताना हात दुमडतो.

२. मोटारी सुरू करा आणि कोणती कुठल्या दिशेने फिरते ते पाहून वहीत चित्र काढा. पंखे पुन्हा बसवताना त्या चित्राप्रमाणेच बसवायचे.

३. मोडचा स्विच एकेका घरात न्या आणि पडद्यावर काय नाव येतं ते मोठ्याने वाचा. मदतनिसाने वहीशी ताडून "हो" म्हणायचं.

४. रिमोट बंद करा. पडद्यावर किंवा दिव्याने ड्रोन "घरी परत" मध्ये गेल्याचं कळलं पाहिजे. कळलं नाही तर संपर्क तुटण्याचं सेटिंग बंद असू शकतं. ते चालू होईपर्यंत पंखे बसवायचे नाहीत.

५. मोटारी बंद करण्याची खूण पुन्हा पुन्हा करा, बोटांना ती जागा कळेपर्यंत. संकटात वापरायला ती यायलाच हवी आणि चुकून कधी होता कामा नये.

## ५. सरावाची जागा

पडीत, हिरवळीचं, सपाट रान घ्या. उन्हाळवाही झालेल्या शेतात पंख्यांच्या वाऱ्याने धूळ उठते, मोटारीत जाते आणि ड्रोन दिसेनासा होतो. शाळेचं मैदान नको, पोरं जमतातच. माणसं किमान ३० मीटर दूर.

होकायंत्राची जुळवणी नव्या जागी, नव्या यंत्रावर करावीच लागते. ती ट्रॅक्टर, बोअरची केसिंग, तारेचं कुंपण आणि डीपीपासून दूर जाऊन करा. खिशातला मोबाईल मदतनिसाकडे द्या. जुळवणी बिघडलेली असली की जीपीएस मोडमध्ये ड्रोन जागेवर न थांबता मोठमोठी वर्तुळं घालू लागतो. तसं दिसलं तर पुढे ढकलू नका, हळूच उतरवा आणि जुळवणी पुन्हा करा.

वेळ सकाळची, वारा उठायच्या आधीची. मदतनीस एकच असावा, आणि त्याने किंवा तिने पडद्याकडे न पाहता फक्त आकाश, तारा आणि माणसं पाहायची. "थांब" हा एकच शब्द ठरवून ठेवा. तो ऐकला की कारण न विचारता स्टिक मध्यावर. मदतनीस घरातली लहान वहिनी असो की शेजारचे काका, तो शब्द म्हणताना भीड वाटता कामा नये, हे आधीच बोलून घ्या.

## ६. रिकाम्या टाकीने पहिली उड्डाणं

टाकी कोरडी. पहिल्या बॅटरीत यंत्र डोक्याच्या वर, तीनेक मीटरवर, तुमच्यापासून दहा-पंधरा मीटर दूर जागेवर धरायचं, शेपटी तुमच्याकडे. आवाज ऐका, थरथर पाहा, स्टिकला किती लवकर उत्तर देतो ते जाणा. मग पुढे-मागे, डावी-उजवीकडे थोडं थोडं.

त्यानंतर तोंड तुमच्याकडे करून तेच सगळं. तोंड समोर आलं की डावं-उजवं उलटं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नव्या यंत्राचे दिवे वेगळ्या रंगाचे असतात आणि जुन्या यंत्रावर मागे असलेला लाल दिवा इथे पुढे असू शकतो. उन्हात दिवा दिसत नाही, म्हणून पुढच्या दोन हातांवर भडक रंगाची चिकटपट्टी लावून घ्या.

पुढचा सराव थांबण्याच्या अंतराचा, आणि माझ्या मते संपूर्ण क्रमात हाच सर्वांत मोलाचा. दर दोन मीटरवर एक अशा खुंट्या ठोकून सरळ रांग करा. फवारणीच्या वेगाने, सेकंदाला चार ते पाच मीटर, रांगेवरून ड्रोन न्या आणि पहिल्या खुंटीवर येताच स्टिक सोडा. कितव्या खुंटीवर थांबला ते मदतनीस सांगेल. तीनदा करा आणि सगळ्यात लांबचं अंतर वहीत लिहा. हे झालं रिकाम्या टाकीचं अंतर.

आता मोड बदलण्याचा सराव. दहा मीटर उंचीवर जीपीएसमधून मॅन्युअलमध्ये या, काही सेकंद हाताने धरा, परत जीपीएसमध्ये जा. मॅन्युअल कधी लागणारच नाही असं वाटत असलं तरी करा. जीपीएस बिघडल्यावर उरतो तो हाच मोड, आणि त्याची पहिली भेट संकटात होऊ नये.

शेवटी घरी परतण्याची चाचणी. तीस मीटर दूर नेऊन बटण दाबा. किती चढतो, कोणत्या दिशेला तोंड करून येतो, उतरताना घरापासून किती सरकतो, ते पाहा. मधेच रद्द करून ताबा परत घ्या. रद्द करण्याची रीतही यंत्रागणिक वेगळी असते. काहींत स्टिक हलवली की ताबा येतो, काहींत मोडचा स्विच बदलावाच लागतो.

> सावध: जड ड्रोन सरळ खाली वेगाने उतरवू नका. तो स्वतःच्याच पंख्यांच्या खाली ढकललेल्या हवेत शिरतो, डगमगतो आणि थ्रॉटल वर दिला तरी खाली जात राहतो. थोडं पुढे सरकत, तिरपं उतरवा. डगमग सुरू झालीच तर आधी बाजूला काढा, मग उंची घ्या.

## ७. साध्या पाण्याने

१० लिटर पाणी म्हणजे १० किलो. रिकामा असताना गुणी वाटलेला ड्रोन भरल्यावर वेगळाच वागतो. म्हणून आधी अर्धी टाकी, मग पूर्ण.

अर्ध्या टाकीला सोपी समजू नका. पूर्ण भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते, अर्ध्या टाकीत ते हिंदकळतं. ब्रेक लावल्यावर पाणी पुढे आदळतं आणि यंत्र थांबूनही पुन्हा पुढे झुकतं. त्या झुकण्याला स्टिकने उलट उत्तर देऊ नका. स्टिक मध्यावर ठेवा, यंत्राला सावरू द्या.

खुंट्यांची चाचणी अर्ध्या आणि पूर्ण टाकीने पुन्हा करा. पूर्ण टाकीचं अंतर रिकाम्यापेक्षा जास्त भरेल. त्याच्या दुप्पट अंतर म्हणजे तुमची तारेपासूनची आणि झाडापासूनची कमीत कमी मोकळी जागा. जुन्या १० लिटरच्या यंत्रावर डोळ्यांना सवय झालेलं अंतर मोठ्या टाकीला पुरत नाही. धुऱ्यावरच्या अपघातांचं हे मोठं कारण आहे.

पूर्ण टाकी, नवी भरलेली बॅटरी, यंत्र जागेवर: इशाऱ्याच्या आकड्यापर्यंत किती मिनिटं टिकतं ते घड्याळावर मोजा. पत्रकात छापलेला उड्डाणाचा वेळ बहुधा रिकाम्या यंत्राचा असतो. नियोजन तुम्ही मोजलेल्या वेळावर करा.

## ८. फवाऱ्याचं माप

उडवणं जमलं म्हणजे फवारणी जमली असं नाही. अजूनही पाणीच.

प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिट पंप चालवा. नोझलमध्ये फरक दिसला तर साफ करा किंवा बदला. सगळ्यांची बेरीज म्हणजे मिनिटाचा प्रवाह. मग कोरड्या सिमेंटच्या खळ्यावरून कामाच्या उंचीवर ड्रोन न्या आणि ओल्या पट्ट्याची रुंदी टेपने मोजा. कडेचा विरळ भाग सोडून मधला एकसारखा भिजलेला भाग धरा.

आता हिशेब. वेग सेकंदाला ४ मीटर आणि पट्टा ४ मीटर, तर सेकंदाला १६ चौरस मीटर, मिनिटाला ९६०. एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर, म्हणजे नुसत्या फवारणीला सव्वाचार मिनिटं. एकरी १० लिटर टाकायचं तर मिनिटाला सुमारे २.४ लिटर प्रवाह हवा.

नव्या ड्रोनवर वेग ५ आणि पट्टा ५ मीटर झाला, तर मिनिटाला १५०० चौरस मीटर आणि एकराला २.७ मिनिटं. प्रवाह तोच २.४ राहिला तर एकरी फक्त साडेसहा लिटर पडेल. मिश्रण १० लिटरच्या हिशेबाने केलेलं असेल, तर औषधाची मात्रा एक तृतीयांशाने घटली. अळी मरत नाही आणि दोष औषधाला जातो. उलट बाजूने चूक झाली तर पीक करपतं. प्रवाह आपोआप जुळवणाऱ्या यंत्रातही भांड्याने मोजून पाहा. त्याचा प्रवाहमापक चुकीचा असेल तर पडदा चुकीचाच आकडा ठामपणे दाखवतो.

## ९. पहिलं शेत

पहिलं शेत स्वतःचं किंवा घरातल्या माणसाचं घ्या. सोयाबीन उत्तम: सपाट, बुटकं, एकसारखं. पहिल्याच दिवशी काटोल-वरुडकडची संत्र्याची बाग नको. तुरीचे उंच तास (ओळी) मधे असलेली पऱ्हाटीही नको, कारण प्रत्येक तासावर उंची बदलते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत (भातखाचरांत) काम असेल, तर जिथे झाडं एकाच कडेला आहेत अशा बांध्या निवडा.

आधी शेत पायी फिरा. मोटारपंपाची लोंबती तार, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची तार, मचाण, धुऱ्यावरची वाळलेली झाडं, पलीकडच्या वावरात निंदणाला बसलेल्या बाया, सगळं वहीत काढा. शेताची हद्द नव्या रिमोटने नव्याने नोंदवा. जुन्या ड्रोनवर जतन केलेला नकाशा आणू नका. दोन यंत्रांच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक येऊ शकतो आणि तो फरक नेमका तारेच्या बाजूला निघतो. तारेच्या कडेला पूर्ण टाकीच्या थांबण्याच्या दुप्पट पट्टा सोडा. तेवढं हातपंपाने फवारता येतं.

शेजाऱ्यांना आणि मधमाशांच्या पेट्या असतील तर त्या मालकाला आदल्या दिवशी सांगा. ड्रोनचं मिश्रण पाठीवरच्या पंपापेक्षा खूप दाट असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली हे आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. हातमोजे, मास्क, चष्मा मिश्रण करणाऱ्यालाही हवेत आणि ड्रोनच्या टाकीत ओतणाऱ्यालाही. नव्या यंत्राच्या टाकीचं तोंड, झाकण आणि गळती कुठे होते, ते पाण्याने भरतानाच पाहून ठेवा.

पहिली फेरी अर्ध्या टाकीने, ऑटोमध्ये, बोट थांबवण्याच्या बटणावर ठेवून. दुसऱ्या वळणावर मुद्दाम थांबवा, ताबा घ्या, परत ऑटोला द्या. टाकी संपल्यावर ड्रोन उरलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करताना तिथपर्यंत कोणत्या उंचीने जातो, ते पहिल्या वेळी स्वतः पाहा. काही यंत्रं पिकाच्या उंचीवरूनच सरळ निघतात आणि वाटेतला माणूस किंवा झाड त्यांना दिसत नाही.

वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर गेला, पाऊस शिंपडला, किंवा पडद्यावर न कळणारा कोणताही इशारा आला, तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा. शेतकऱ्याला कारण सांगा, चिडला तरी सांगा.

## १०. दोन यंत्रं सोबत वापरताना

सुरुवातीच्या हंगामात एका दिवशी एकच मॉडेल उडवा. सकाळी जुनं आणि दुपारी नवं, असं केलं की बोटं गोंधळतात, आणि दुपारी थकलेली बोटं सकाळच्या सवयीवर जातात. बदल करावाच लागला तर फरकांची वही मोठ्याने वाचा, टाकी रिकामी ठेवून एक छोटं उड्डाण करा आणि मगच औषध भरा. मधे दोन महिन्यांचा खंड पडला तर टप्पा ४ आणि ६ पुन्हा.

आणि एक गोष्ट जी बहुतेक जण मोजतच नाहीत: कंपनीने सॉफ्टवेअर अद्ययावत केलं किंवा दुरुस्तीत कंट्रोलर बदलला, तर ओळखीचं यंत्रसुद्धा नवंच असतं. घरी परतण्याची उंची, बॅटरीचा इशारा आणि मोडच्या स्विचची घरं कारखान्याच्या सेटिंगवर परत गेलेली असू शकतात. भर हंगामात अद्ययावत करू नका. करावंच लागलं तर त्याच संध्याकाळी पंखे उतरवा, वहीतला उजवा रकाना पहिल्या ओळीपासून पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या टाकीने खुंट्यांवरून नेऊन पाहा.